एका रेषेतली दारं

"सांग बघू, कोण चाललंय?"

सोमोये मावशीचा हा आवाज कधी कानात येईल याचा रय्याला नेम राहिला नव्हता. मोंबासात गाड्यांच्या रांगेत अडकलेली असताना यायचा, ऑफिसात संगणकापुढे बसलेली असताना यायचा, आणि त्याच्या मागोमाग चुन्याच्या जाड भिंतींचा गारवा यायचा. लामू बेटावरच्या जुन्या घरातली सगळ्यात आतली खोली. अरुंद, लांब, उंच छताची. उंच पलंगावर मावशी पाय मुडपून बसलेली, हातात चटईसाठी विणायची ताडाच्या पात्यांची पट्टी, आणि खाली गार जमिनीवर पोट टेकून सहा-सात वर्षांची रय्या. बाहेर गल्लीत दुपार भरलेली असायची आणि त्या दुपारीतलं काहीच आत दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. "सांग बघू, कोण चाललंय?" "गाढव." "गाढवं तर गावभर चालतात. कुणाचं?" रय्याला सांगता यायचं नाही. मावशी विणता विणता सांगायची. "मागून पाय घासत येतोय ना, तो उमारी. आज मासा नाही मिळालेला." "कशावरून?" "मिळाला असता तर शीळ घातली असती." मग लांबून चिनी मातीचे पेले एकमेकांना लागल्याचा आवाज यायचा, किण किण, किण किण, आणि मावशीचा हात क्षणभर थांबायचा. "हा फामाऊ. कॉफीवाला. ताठ माणूस. ऐक कसा वाजवतो, पेला पेल्याला लागतो पण दुखत नाही." आवाज भिंतीला घासत पुढे जायचा, कोपऱ्यावर वळायचा, बुजायचा. मावशी पुन्हा विणायला लागायची.

पेल्यांचा तो आवाज त्या दिवशीही आला होता. रय्याने नकाशा काढलेल्या नव्या घराचा ताबा द्यायच्या दिवशी. मावशीने उजवा पाय आधी टाकत, बिस्मिल्ला म्हणत उंबरा ओलांडला, भिंतींवरून तळहात फिरवला, कोनाड्यांत डोकावली, "माशाल्ला, माशाल्ला" म्हणत एकामागून एक खोल्या ओलांडून सगळ्यात आतल्या खोलीत गेली आणि नव्या पलंगावर बसली. रय्याला वाटलं, आता म्हणेल. आता विचारेल, सांग बघू. आणि मावशीने समोर पाहिलं, आणि खांद्यावरच्या लेसोचं, रंगीत ओढणीचं, टोक ओढून तोंड झाकून घेतलं. नुसते डोळे राहिले. खोलीत सगळ्या बायकाच होत्या. रय्या होती, समोरच्या घरातली बी मिस्का होती, तिथे बाईंना बी म्हणत, घराला पैसे देणाऱ्या संस्थेची एक मुलगी कॅमेरा घेऊन उभी होती. झाकायचं कुणापासून? रय्या वळली आणि मावशीच्या नजरेमागून तिची नजर गेली. या खोलीचं दार, त्यापलीकडे मधल्या खोलीचं दार, त्यापलीकडे पुढच्या खोलीचं, त्यापलीकडे देवडी, आणि त्यापलीकडे गल्ली. एकात एक बसवलेल्या चौकटी, आणि शेवटच्या चौकटीत ऊन, आणि उन्हातून सरकत गेलेली कुणाची तरी पांढरी टोपी, पितळी किटलीचा चकाकता तुकडा. सुईच्या नाकातून दोरा जावा तशी ती नजर आरपार गेली आणि गल्लीत जाऊन पडली. रय्याचे कान तापले. तिला पहिल्यांदा वाटलं ते असं, की आपणच उघड्यावर बसलो आहोत, आणि लेसो मावशीकडे आहे, आपल्याकडे नाही.

लामूतलं घर झाडाच्या मापाचं असतं. छताला खारफुटीचे वासे लागतात, आणि खारफुटी काही कुणाच्या हौसेखातर उंच वाढत नाही. वासा जेवढा तेवढीच खोली रुंद, मग ती हवी तेवढी लांब करा. एकामागे एक अशा खोल्यांच्या ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एका पायरीने उंच, आणि प्रत्येक ओळीचं दार बाजूला सरकवलेलं. पहिलं डावीकडे, दुसरं उजवीकडे, तिसरं पुन्हा डावीकडे. देवडीत उभ्या राहिलेल्या माणसाला भिंत दिसते. भिंत ओलांडली तरी भिंतच दिसते. वारा मात्र वळणं घेत घेत आत जातो. सगळ्यात मागे एक छोटी खोली. तिथे बाळं जन्मतात आणि मेलेल्या माणसाला तिथेच शेवटचं न्हाऊ घालतात. रय्या तशाच खोलीत जन्मली होती. तिच्या आईला तिथेच न्हाऊ घातलं होतं, आणि घागर मावशीच्या हातात होती. ते सगळं घर आता नव्हतं. म्हणजे होतं, पण मावशीच्या नवऱ्याच्या पुतण्यांनी ते विकलं होतं, त्याचं पाहुण्यांचं हॉटेल झालं होतं, आणि मागच्या छोट्या खोलीत म्हणे आता टॉवेल ठेवतात. मावशी धाकट्या पुतण्याच्या घरी जिन्याखालच्या बोळात राहत होती. तिने तक्रार केली नव्हती. तिच्या घराण्यात तक्रार करायची पद्धत नव्हती.

त्या जिन्याखालच्या बोळातूनच रय्याला हे घर सुचलं होतं, असं ती सांगत असे. नैरोबीतल्या सभेत तिने तसंच सांगितलं होतं. पडद्यावर चौकोनांची जाळी होती, प्रत्येक चौकोनाची बाजू एका वाशाएवढी. सिमेंट नाही, भरडलेल्या प्रवाळाच्या आणि चुन्याच्या विटा. लग्न झालेल्या जोडप्याने आज दोन चौकोन बांधावेत, पोर झालं की तिसरा जोडावा, जाळी वाढत जाईल आणि घर कुठेही अर्धवट दिसणार नाही. "आपल्या जुन्या घरांनी हे सगळं आधीच शोधून ठेवलंय," ती म्हणाली होती. "मी फक्त ऐकलं." आणि पुढच्या चित्राखाली तिने मावशीच्या चटईवरच्या गाण्याच्या दोन ओळी टाकल्या होत्या.

पहिल्या दारी वारा गं, दुसऱ्या दारी पाणी,
तिसऱ्या दाराच्या आड माझी झाकली राणी.

टाळ्या पडल्या होत्या. वारसा जपणाऱ्या संस्थेने पैसे द्यायचं कबूल केलं. अट एवढीच, की गावातल्या कुणीतरी त्या घरात खरंच राहून दाखवायचं. कुणी राहिलं नाही, तर हंगाम सुरू झाल्यावर तेही पाहुण्यांना भाड्याने द्यायचं. रय्या लगेच म्हणाली होती, माझी मावशी राहील. विचारलं नव्हतं मावशीला. विचारायचं काय त्यात, असं वाटलं होतं. कुणीतरी नकाशाच्या मागच्या टोकाला बोट ठेवून विचारलं, हा अर्धा चौकोन कसला, त्याला नाव नाही? न्हाणीची, शेवटच्या न्हाणीची खोली, असं त्या गार हवेच्या सभागृहात तिला म्हणवेना. "स्टोअर," ती म्हणाली. तो शब्द तोंडातून बाहेर पडला तेव्हा ओठांना काहीतरी चिकटल्यासारखं झालं होतं. पाणी पिऊन तिने पुढचं चित्र लावलं.

आणि दारं? दारं तिने नीटच काढली होती. डावं, उजवं, डावं. मग जिना कुठे बसेना. प्लॉटच्या एका अंगाला शेजाऱ्याची भिंत होती, जिना तिकडे गेला तर वरच्या मजल्यावरून शेजारणीचं अंगण दिसलं असतं. म्हणून एका संध्याकाळी तिने मधली ओळ तेवढी उलटी केली, आरशात धरावी तशी. जिना बसला. मधलं उजवं दार डावीकडे आलं. आणि तीनही दारं एका रेषेवर येऊन उभी राहिली, कुणी हाक मारल्यासारखी. मागे उभ्या असलेल्या ओटिएनोने, तिच्या ऑफिसातल्या जोडीदाराने, शीळ घातली. "वा. आरपार. हे आधी का नाही केलंस?" रय्याला ते दिसलं होतं. ते दिसलं नव्हतं असं तिला आता स्वतःला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण दिसलं होतं. त्या क्षणी, अगदी निमिषभर, मावशीच्या लेसोचा रंग डोळ्यांसमोरून गेला होता, हळदीचा पिवळा आणि काठाला काळा. आणि त्याचबरोबर आनंदही झाला होता, गणित सुटून शेवटी शून्य उरतं तसला, कोरडा, स्वच्छ आनंद. बोटाने बटण दाबलं होतं. नंतर कुणी विचारलं तर सांगायला कारणही तयार होतं, वाऱ्याची रेषा. तेही तिने त्याच रात्री शोधून ठेवलं होतं, म्हणजे कारण शोधायची गरज आहे हेही तिला कळलं होतं.

ताबा द्यायच्या दिवशी मावशीने तोंड झाकलं आणि पुन्हा उघडलं, उठली, "सुंदर आहे" म्हणाली, सगळ्या बाहेर देवडीत आल्या. गल्लीच्या पलीकडे गवंडी कोंबो आपल्या माणसांबरोबर ओट्यावर बसून खजूर खात होता. घर त्यानेच उभं केलं होतं, कागदावर होतं तसं, रेषेला रेष. बी मिस्का देवडीत थांबली, मान वळवून आत पाहिलं, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कोंबो, डोळे गहाण टाकलेस का रे कुठे? इथे उभं राहिलं तर पलंगाच्या चादरीवरची फुलं मोजता येतात."

"मोजा ना मग, बी," कोंबो म्हणाला. "चादर नवी आहे."

"तुझ्या बायकोला नेऊन बसव तिथे. सगळा गाव मोजेल."

"ती नाही बसायची. म्हणेल, तू लांबून येतानाच दिसायला लागशील."

माणसं हसली. बी मिस्का हसली नाही. "मस्करी नको. तुझ्या बापाने बांधलेल्या घरात असं एक दार दाखव मला. मापाची दोरी विकून खाल्लीस वाटतं."

कोंबोने रय्याकडे पाहिलं. एकदाच, सहज, ऊन कुठवर आलं ते पाहावं तसं. मग खजुराची आठळी हातावर काढून घेत म्हणाला, "वय झालं, बी. हात वळला असेल." आणि रय्या खाली वाकली, चपला शोधायला. चपला पायातच होत्या. ती तशीच वाकून राहिली, पट्टा सैल करून पुन्हा लावला, आणि उभी राहिली तोवर विषय दुसरीकडे गेला होता.

ते वाकणं तिच्या अंगात राहून गेलं. ती मोंबासाला परतली नाही. मावशी राहायला येईपर्यंत मी इथे थांबते, असं संस्थेला कळवलं आणि त्या घरात एकटी राहायला लागली. दर दिवसाआड पुतण्याच्या घरी जायची, जिन्याखालच्या बोळात मावशीच्या शेजारी चटईवर बसायची. मावशी आल्याचा चहा द्यायची, खोबऱ्याच्या दुधातले गोड वडे, महामरी, पुढे करायची. "खा. वाळलीस. त्या घरात चूल पेटवतेस की नाही?" "तू ये ना पेटवायला." "येईन की. गुडघा जरा बरा होऊ दे." पुढच्या खेपेला गुडघा बरा होता, पण पुतण्याच्या मांजरीला पिल्लं व्हायची होती. पिल्लं झाली, मग नव्या महिन्याचा चंद्र दिसू दे. चंद्र दिसला, मग म्हणाली, इन्शाल्ला. त्या घराण्यात नाही म्हणत नसत, इन्शाल्ला म्हणत. प्रत्येक सबबीबरोबर रय्याचे कान तापत. तिला वाटे, हिने एकदा शिवी द्यावी. म्हणावं, शिकलीस एवढी आणि मला रस्त्यावर बसवायला निघालीस. पण मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "भिंती किती गार गं तुझ्या. चुना छान मुरलाय." एकदा मात्र मावशीने पात्यांवरची नजर न काढता विचारलं, "तू झोपतेस कुठे? आतल्या खोलीत?"

"हो."

"दुपारी पुढचं दार उघडं असतं का गं?"

"असतं. म्हणजे, उघडं ठेवते. वाऱ्यासाठी."

"मग काय काय दिसतं तिथून?"

रय्याने हातातला घास खाली ठेवला. एवढ्या हळुवारपणे कुणी कुणाच्या वर्मावर बोट ठेवू शकतं, हे तिला माहीत होतं. याच बाईने तिला लहानपणी तसं वाढवलं होतं. चोरून साखर खाल्ली तर मावशी रागवायची नाही, विचारायची, गोड होती का? "काही नाही दिसत," रय्या म्हणाली. मावशीने मान हलवली, जरा वेळ विणलं, आणि म्हणाली, "काहीच नाही? अगं, असं कसं?"

त्या दुपारी रय्याने ते करून पाहिलं, जे करायचं ती टाळत होती. आतल्या पलंगावर मावशी बसली होती तिथे, तशीच पाय मुडपून बसली आणि समोर पाहिलं. आधी नुसतं ऊन. मग गाढवाचे कान, मग गाढव, त्याच्या पाठीवरच्या वाळूच्या गोण्या, त्याच्यामागे काठी धरलेला हात. मग दोन पोरी, काळ्या बुईबुई बुरख्यात, एक हसत होती. मग मासळीची पाटी घेतलेला एक माणूस, तो देवडीशी पाटी टेकवायला थांबला, सहज आत पाहिलं, आणि त्याची नजर दारा-दारांतून येत येत तिच्यापर्यंत पोचली. पोचली आणि त्याने मान अशी खाली घातली, की जणू त्यालाच कुणीतरी चोरताना पकडलं. पाटी उचलून तो घाईने गेला. त्याने बघितलं याचं रय्याला काही वाटलं नसतं. मोंबासात, नैरोबीत तिच्याकडे माणसं पाहतातच. पण त्याने नजर खाली घातली. ज्या गावात नजरेला कुठे थांबायचं हे भिंती शिकवतात, तिथे तिने एका माणसाला न मागता चोर केलं होतं. तिने जाऊन पुढचं दार लावलं. आत येऊन बसली, तर घर मेल्यासारखं झालं. वारा थांबला, भिंती घाम सोडायला लागल्या, पलंगावरची मच्छरदाणी काठीला लटकलेल्या कापडासारखी निपचित पडली. वारा खरंच त्या रेषेनेच येत होता. तिने सबब म्हणून जे खोटं सांगितलं होतं ते खरं निघालं होतं, आणि त्याचंही तिला बरं वाटलं नाही. खोटं खोटंच निघालं असतं तर निदान ते तिचं राहिलं असतं.

रात्री तिने कागद काढला. मधल्या दाराच्या आत आडभिंत. अर्ध्या वाशाच्या अंतरावर, माणसाच्या डोक्याहून उंच. चौकोन मोडेल, जाळी मोडेल, संस्थेच्या पुस्तिकेतलं चित्र मोडेल, मोडू दे. वारा अर्धा होईल. पेन्सिलीने ती रेष काढताना तिच्या लक्षात आलं, की एवढ्या मोठ्या नकाशात ही एकच रेष ती कुणासाठी तरी काढते आहे. मग लगेच वाटलं, नाही, हीसुद्धा आपल्याचसाठी. आपले कान थंड व्हावेत म्हणून. पेन्सिल ठेवून तिने कागद गुंडाळला. सकाळी कोंबोकडे गेली. तो दाराशी पाय धूत होता. "कोंबोकाका, आडभिंत घालायची आहे. मधल्या दाराआड."

"घालू की. कधी?"

"उद्या. दुपारच्या नमाजानंतर."

"बरं." त्याने पाय पुसले. विचारलं नाही, का. ती उभी राहिली. त्या दिवशीचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आतून त्याची सून दुधाचं भांडं घेऊन आली आणि रय्या म्हणाली, "चुना पुरेल ना?" कोंबो म्हणाला, "चुना भरपूर आहे, बाई."

तिथून ती मावशीकडे गेली आणि उभ्या उभ्याच सांगितलं. आडभिंत घालतेय. उद्या. मग गल्लीतून काही दिसणार नाही. मग तरी येशील ना? मावशीच्या बोटांतली पाती थांबली. "उद्या?" "हो, उद्या दुपारी." मावशी बोळाच्या टोकाला असलेल्या बारीक उजेडाकडे पाहत राहिली. जिन्यावरून कुणीतरी धाडधाड खाली आलं, धूळ पडली, तिने ती गुडघ्यावरून झटकली. "बरं," ती म्हणाली. आनंद झाला असं तिच्या आवाजात काही नव्हतं. रय्याला वाटलं, उशीर झाला. अपमान विणला गेला आहे, आता नुसतं एक पातं ओढून तो उसवणार नाही.

दुसऱ्या दिवशी गाढवांनी विटा आणून देवडीपुढे टाकल्या. कोंबो चुना कालवायला बसला. समोरच्या ओट्यावर बी मिस्का तांदूळ निवडत बसली होती. काम कसलं ते तिला न सांगता कळलं होतं. "या वेळी दोरी आणलीस का रे?" "आणली, बी. तुमच्याच वाड्याच्या दाराला बांधून ठेवलीय, हरवायला नको म्हणून." आणि मग गल्लीच्या वळणावरून मावशी आली. एकटी, एका हाताने भिंत धरत, दुसऱ्या हातात लेसोत बांधलेलं बोचकं. विटांच्या ढिगाकडे तिने पाहिलं, कोंबोच्या सलामाला उत्तर दिलं, उजवा पाय टाकला आणि आत निघून गेली. पहिलं दार, दुसरं, तिसरं. रय्या तिच्यामागे गेली. मावशी पलंगावर चढली, बोचकं शेजारी ठेवलं आणि बसली, गल्लीकडे तोंड करून. मागच्या त्या छोट्या, नाव नसलेल्या खोलीच्या दाराला तिची पाठ होती.

रय्या तिच्यासमोर उभी राहिली, आणि ती उभी राहिल्याने रेषा अडली, मावशीच्या तोंडावर सावली पडली. तिला वाटलं आता आपण नाही बोललो तर पुन्हा खाली वाकू, चपला शोधू. "मावशी, कोंबोकाकांचा हात वळला नव्हता," ती म्हणाली. "कागदावरच दारं सरळ होती. मी काढली. मला दिसलं होतं, तू दिसली होतीस, आणि तरी मला ते आवडलं. तुला विचारलंही नाही. त्या दिवशी बी मिस्का त्यांना बोलत होत्या आणि मी गप्प बसले."

बाहेर चुना कालवायचा आवाज थांबला. तांदळाचं सूपही थांबलं.

"अगं, इतक्या मोठ्याने कशाला," मावशी म्हणाली. "सरळ दारं आहेत. कुजबुजलीस तरी पोचलं असतं."

गल्लीतून बी मिस्काचा आवाज आला, पण या वेळी खालच्या पट्टीत. "कोंबो. मला सांगायचं होतंस." आणि कोंबोचा, "कामाच्या माणसाला मधे बोलायला कुठे सवड असते, बी." पुन्हा फावडं चालू झालं, पण हळू. रय्याचे कान तापले होते तसेच होते. तिला वाटलं होतं बोलल्यावर थंड होतील. झाले नाहीत, पण आता ती त्यांच्यासकट उभी राहू शकत होती, एवढंच.

"जरा बाजूला हो," मावशी म्हणाली.

"काय?"

"बाजूला हो गं. मधे उभी आहेस."

रय्या सरकली आणि पलंगाच्या कडेला बसली. दारांतून वारा आला, मावशीच्या लेसोचं टोक हललं. लांबून, गल्लीच्या वरच्या अंगाने, चिनी मातीचे पेले वाजले. किण किण. किण किण. मावशीचा हात बोचक्यावर होता, तो थांबला.

"सांग बघू, कोण चाललंय?"

"फामाऊ," रय्या म्हणाली. आवाज तिचा नव्हता, सहा-सात वर्षांच्या कुणाचा तरी होता.

"ऐकून नको सांगू. बघ."

आवाज जवळ आला, आणि शेवटच्या चौकटीत आधी पितळी किटली आली, मग पांढरी टोपी, मग तो. म्हातारा, वाळका. किटलीच्या बाजूचा खांदा इतका खाली गेलेला, की सगळा माणूस त्या बाजूला कलला होता, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीसारखा. विटांच्या ढिगाला वळसा घालायला तो थांबला, कोंबोला काहीतरी म्हणाला, पेले वाजवले आणि कलत कलत चौकटीतून बाहेर गेला. रय्याने मावशीकडे पाहिलं. मावशीने लेसो तोंडावर ओढला होता आणि लेसोच्या आत ती हसत होती. खांदे हलत होते. डोळ्यांच्या कडांना पाणी होतं.

"चाळीस वर्षं," ती लेसोतूनच म्हणाली, "चाळीस वर्षं मी त्याला ताठ माणूस समजत होते."

रय्याने पुन्हा शेवटच्या चौकटीकडे पाहिलं, तिथे आता नुसतं ऊन होतं.

"बाहेर जाते मी, नाही असं नाही. पण बाहेर मान खाली. आपली खाली, त्यांचीही खाली. आणि घरात भिंत. आवाजावरून मी सगळा गाव घडवून ठेवला होता गं मनात. त्या दिवशी इथे बसले आणि तो असा वाकडा होऊन समोरून गेला. मला हसू आलं, आवरेना. या वयात, नव्या घरात, परक्या बायकांसमोर, एका कॉफीवाल्याला बघून. म्हणून तोंड झाकलं. त्याने बघू नये म्हणून नाही. माझं हसू कुणी बघू नये म्हणून." तिने लेसो खाली घेतला. तोंड लाल झालं होतं, लहान मुलीचं होतं तसं. "घरी गेले तर मला रात्रभर तीच दारं दिसत होती. उमारी कसा असेल? बी मिस्काचा जावई, तो शिंकतो तेवढा मोठा असेल का? या वयात मला हाव सुटली, रय्या. पलंगावर बसून रस्ता बघायची. हे कुणाला सांगू? तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नसतं. म्हणून गुडघा म्हटलं, मांजर म्हटलं. आणि काल तू आलीस आणि म्हणालीस, उद्या आडभिंत."

बाहेर कोंबोने दोरी ताणून पाहिल्याचा आवाज आला, टण. त्याने आत हाक दिली, "बाई, सुरू करू का?"

रय्या उठणार, तेवढ्यात मावशीने तिचं मनगट धरलं. तिचा हात गार होता, चुन्यासारखा. तिने मान मागे वळवून त्या छोट्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, तिथल्या नव्या, कोरड्या, उतरत्या जमिनीकडे, आणि पुन्हा समोर.

"घालायची आहे भिंत. घालायलाच हवी. पण मला न्हाऊ घालाल त्या दिवशी घाल. विटांची नको, चटईची पुरे, मी विणून ठेवते. ते पाणी गल्लीला दिसायला नको. तोवर राहू दे. तोवर मला बघू दे, कोण चाललंय."